भाताचं माप

(वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या स्मृतिव्याख्यानमालेत मी लहानपणी समोर सतरंजीवर बसत असे. आज इथे उभं राहून श्रीलंकेविषयी बोलणार आहे, पण सुरुवात कांद्यापासून करते. कांदा पिकवणाऱ्या निफाड तालुक्यातल्या श्रोत्यांना त्याचं कारण सांगायला नको.

जानेवारी २०२४ मध्ये मी कोलंबोत होते. तिथल्या फोर्ट रेल्वे स्टेशनजवळ पेट्टा नावाचा घाऊक बाजार आहे. गल्ल्या अरुंद, हातगाड्यांची रांग, सुक्या मासळीचा आणि मिरचीचा वास एकत्र. एका दुकानापुढे मोठ्या कांद्याच्या गोण्या उघडून ठेवल्या होत्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : 'बी ओनियन'. बी म्हणजे काय, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "बॉम्बे ओनियन." कांदा हातात घेतला. पातळ सालीचा, फिका. आपला नव्हता. त्या वेळी आपल्याकडे निर्यातबंदी होती. ८ डिसेंबर २०२३ रोजी ती लागली आणि लासलगावपासून चांदवडपर्यंत शेतकरी रस्त्यावर आले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी म्हणाले, हा बॉम्बेचा नाही. तो म्हणाला, "नाही, पाकिस्तानचा आहे. पण नाव बॉम्बे ओनियनच."

या नावालाही इतिहास आहे. १९८७ नंतर दोन-अडीच वर्षं जनता विमुक्ती पेरमुना या संघटनेनं श्रीलंकेच्या दक्षिणेत भारतीय मालावर बहिष्कार पुकारला होता. मसूर डाळ, कांदा, औषधं, साऱ्यावर. धमक्यांच्या त्या दिवसांत सिंहली भाषेतल्या 'बोंबयि लूणु'चं 'लोकु लूणु', म्हणजे मोठा कांदा, असं नामांतर झालं. एका देशात एका भाजीचं नाव उच्चारायला माणूस घाबरतो, इथवर गोष्टी कशा येतात, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे : जागतिकीकरण आणि वसाहतोत्तर राज्याची अधिमान्यता. तीस वर्षं मी हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला. अधिमान्यता म्हणजे काय? पोलीस मागे नसतानाही माणसं सरकारचं ऐकतात, कर भरतात, हरलेला उमेदवार घरी जातो, आणि रागावलेला माणूस दगड न उचलता अर्ज लिहितो. 'हे सरकार चुकतंय, पण ते आपलं आहे', असं लोकांना वाटत राहणं. ते वाटणं कशावर उभं असतं, हे देशागणिक वेगळं. श्रीलंकेत ते फार मोठ्या प्रमाणात तांदळावर उभं होतं, असं माझं म्हणणं आहे.

आपण 'सिलोन' म्हटलं की रेडिओ आठवतो. पण आशियात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार पहिल्यांदा मिळाला तो या बेटावर, १९३१ मध्ये, इंग्रजांचं राज्य असतानाच. आपल्याला त्यासाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. चहा, रबर आणि नारळ ही तीन पिकं बाहेर विकायची आणि त्या पैशातून खायचा तांदूळ बाहेरून आणायचा, अशी त्या देशाची घडी इंग्रजांनी बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात रेशन आलं. युद्ध संपलं, रेशन राहिलं. मतदार होते, मतदारांना पोट होतं, आणि चहाचा पैसा येत होता. स्वस्त तांदूळ, मोफत शिक्षण, मोफत दवाखाना. देश गरीब, पण माणसं दीर्घायुषी आणि शिकलेली. अमर्त्य सेन यांनी या बेटाचा दाखला वारंवार दिला तो यासाठी.

या घडीत एक खोट पहिल्यापासूनच होती. ज्यांच्या कष्टावर चहाचा पैसा येई, त्या मळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचं नागरिकत्व १९४८ मध्ये, स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षात, कायदा करून काढून घेतलं. सुमारे सात लाख माणसं. ती देशाला पोसत होती आणि त्या देशाची नव्हती. हे बाजूला ठेवून पुढचं बोलू नये, म्हणून आधीच सांगते.

आता १९५३ साल. कोरियन युद्धाची तेजी ओसरली, रबराचे भाव पडले, तांदळाचे चढले. अर्थमंत्री होते जे. आर. जयवर्धने. त्यांनी रेशनच्या तांदळाचा दर मापाला २५ सेंटवरून ७० सेंट केला. १२ ऑगस्टला डाव्या पक्षांनी हरताळ पुकारला. हा शब्द तिकडेही तोच, हरताळ. गावोगाव रूळ उखडले गेले, तारा तोडल्या गेल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. मंत्रिमंडळाची बैठक कोलंबो बंदरात उभ्या असलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर घ्यावी लागली. पंतप्रधान डडली सेनानायके यांनी पुढे राजीनामा दिला आणि तांदळाचा दर खाली आला.

युद्धनौकेवरची ती बैठक मी वर्गात नेहमी सांगत असे. स्वतंत्र देशाचं मंत्रिमंडळ आपल्याच लोकांच्या धास्तीनं परक्या देशाच्या जहाजावर चढतं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते नंतरचं : पंतप्रधान गेला आणि राज्य टिकलं. लोकांना कळलं की आपण हाक मारली की वरचा दार उघडतो. त्यानंतर १९५६ पासून १९७७ पर्यंत जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत त्या देशानं सरकार बदललं, आणि बहुतेक निवडणुकांत तांदूळ होता. डडली पुन्हा सत्तेत आले तेव्हा त्यांनी दोन मापांचं रेशन एकावर आणलं. ते एक माप फुकट दिलं, तरीही लोक रागावले. १९७० मध्ये सिरिमावो बंदरनायके यांनी दुसरं माप परत देण्याचं वचन दिलं आणि त्या निवडून आल्या.

इथे तुम्ही म्हणाल, हे लाड झाले. परकीय चलन नाही आणि फुकट तांदूळ कुठून आणणार? प्रश्न रास्त आहे. सिरिमावोबाईंच्या सात वर्षांत त्याचं उत्तर फार कटू मिळालं. आयात जवळपास बंद. पावासाठी पहाटेपासून रांगा. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तांदूळ नेला तर रस्त्यावर तपासणी. १९७१ मध्ये शिकलेल्या बेकार सिंहली तरुणांनी, याच जनता विमुक्ती पेरमुनाच्या झेंड्याखाली, सशस्त्र उठाव केला आणि तो हजारोंच्या रक्तात बुडवला गेला. बंद अर्थव्यवस्थेनं शांतता आणली, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. त्याच काळात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की वैद्यकी-अभियांत्रिकीला जाणाऱ्या तमिळ मुलाला सिंहली मुलापेक्षा जास्त गुण लागू लागले. 'फक्त सिंहली' हा भाषेचा कायदा तर १९५६चाच. स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा ठराव वड्डुकोड्डईला मे १९७६ मध्ये झाला, बाजार उघडण्याच्या आधी. तेव्हा जागतिकीकरणानं यादवी युद्ध घडवलं, असं सोपं वाक्य मी आज इथे म्हणणार नाही.

पण एक माणूस मला भेटला, त्यामुळे गोष्ट अशीही संपत नाही.

श्रीलंकेच्या उत्तरेला, तमिळांच्या जाफनाला मी गेले ती कांदा बघायला. तिथली जमीन लालभडक, खाली चुनखडी, बारमाही नदी एकही नाही. विहिरीवर सगळी शेती. शेतं केवढी, तर आपल्याकडच्या खळ्याएवढी, आणि भोवती ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. कांदा लहान, लाल, घोसानं येणारा. सांबारात घालतात तो. विहिरीच्या काठावर सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी बसले होते. बरोबरच्या मुलीनं माझी ओळख करून दिली : या भारतातून आल्या, यांचा भाऊ कांदा लावतो. ते उठून उभेच राहिले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली ती सिरिमावोंपासून.

जाफनाचा तमिळ शेतकरी, तमिळ मुलांचे प्रवेश ज्या बाईंच्या राज्यात अडले त्यांच्याबद्दल बरं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी हात वर करून उंची दाखवली. मिरचीच्या गोण्यांची थप्पी एवढी असायची. बाहेरची मिरची बंद, बाहेरचा कांदा बंद. कोलंबोचे लॉरीवाले बांधावर येऊन आगाऊ पैसे द्यायचे. कुडाचं घर होतं तिथे दगडी घर झालं. पंप आला. धाकट्या भावाला कॉलेजात प्रवेश नाही मिळाला, तर वडील म्हणाले, शेती कर, शेतीत काय कमी आहे? "त्या सात वर्षांत आम्ही माणसं झालो," ते म्हणाले. आणि मग हात खाली आणून मांडीवर ठेवला. "मग जे. आर. आले."

१९७७च्या जुलैमध्ये जयवर्धने प्रचंड बहुमतानं आले : १६८ पैकी १४० जागा. त्यांनीही धान्याचंच वचन दिलं होतं. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रॉनी डी मेल यांनी रुपया मोकळा सोडला, त्याची किंमत निम्म्याच्या आसपास खाली आली, आणि आयातीवरचे बहुतेक निर्बंध एका दिवसात उठले. दक्षिण आशियात हे करणारा तो पहिला देश. आपण तिथवर पोचायला १९९१ उजाडलं. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी खूश. मदतीचा ओघ सुरू झाला. तीस वर्षांत बांधायची महावेली नदीवरची धरणं सहा वर्षांत बांधायचं ठरलं. व्हिक्टोरियाला ब्रिटनचा पैसा, कोत्मलेला स्वीडनचा, रंदेनिगलाला जर्मनीचा. विमानतळाशेजारी कातुनायकेला मुक्त व्यापार क्षेत्र निघालं आणि खेड्यापाड्यांतल्या मुली शिवणयंत्रावर बसायला आल्या. वाढीचा वेग दुप्पट झाला, बेकारी घटली. दुकानात माल दिसू लागला. पावाच्या रांगेत ज्यांनी सात वर्षं काढली, त्यांना याचा केवढा आनंद झाला असेल, हे समजून घ्यायला हवं.

जाफनात मात्र बाहेरची मिरची आणि बाहेरचा कांदा उतरला. त्यात आपलाही कांदा होता, हे मी त्या विहिरीवर बसून ऐकत होते. दोन हंगामांत लॉरी यायची थांबली, असं ते म्हणाले. ज्या मुलाला गुण असून प्रवेश नाकारला होता, त्याच्या हातून आता शेतीही गेली. त्यांचा तो धाकटा भाऊ १९८४ मध्ये घरातून निघून गेला. पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही.

सिंहली मुलखात वेगळी माणसं चिरडली गेली. आयात कापडानं हातमाग बसले. संरक्षणाखाली उभे राहिलेले छोटे कारखानदार बुडाले. आणि तांदूळ? १९७८ मध्ये रेशन निम्म्या लोकसंख्येपुरतं केलं. १९७९ मध्ये तेही बंद करून गरिबांना अन्नाच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीवर रुपयांचा आकडा छापलेला. महागाई वाढत गेली, आकडा तोच राहिला. काही वर्षांतच त्या चिठ्ठीत मिळणारं धान्य जवळपास निम्मं झालं. १९५३ मध्ये दर वाढवला तर देश पेटला होता. या वेळी दर वाढवलाच नाही. कागद तसाच राहिला आणि त्यातला भात आपोआप आटत गेला. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं हे हुशारीचं होतं. राज्यकर्त्याच्या शब्दाला यानं आतून वाळवी लागते, असं मला वाटतं, कारण लोकांना बोट ठेवायला एक दिवस, एक निर्णय, एक मंत्री उरत नाही.

तेवढ्यावर जयवर्धने थांबले नाहीत. १९५३चा धडा ते विसरले नव्हते. तेव्हा अर्थमंत्री तेच होते. निवडणुका दर वेळी सरकार पाडतात, तर बाजार खुला ठेवायचा कसा? परदेशी गुंतवणूकदाराला तर स्थैर्य हवं. त्यांनी १९७८ मध्ये नवी राज्यघटना आणून सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिली आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः झाले. जुलै १९८० मध्ये सरकारी नोकरांनी महागाईपोटी पगारवाढ मागत संप केला, तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांना कामावरून काढून टाकलं. डिसेंबर १९८२ मध्ये संसदेची निवडणूक घेण्याऐवजी सार्वमत घेतलं आणि त्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवून घेतली. १९७७ नंतरची संसदेची निवडणूक झाली ती थेट फेब्रुवारी १९८९ मध्ये. जवळजवळ बारा वर्षं. ज्या देशात माणसं प्रत्येक निवडणुकीत सरकार उलथवून आपला राग मोकळा करत होती, त्या देशात बारा वर्षं तो राग ओतायला जागाच राहिली नाही.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. बाजार उघडताना माणसं उखडतात. कुणाचा कांदा जातो, कुणाचा माग जातो. त्याच वेळी त्यांना तक्रार करायला जास्त दारं लागतात. जयवर्धने यांनी बाजाराचं दार उघडलं आणि तक्रारीची सगळी दारं लावून घेतली, आणि बाहेरच्या मदत करणाऱ्यांपैकी कुणी त्याबद्दल फारसा आवाज केला नाही. घरात धूर कोंडला की तो कुठल्या फटीतून बाहेर पडेल, हे आपण ठरवू शकत नाही.

तो कुठून बाहेर पडला, हे जगाला माहीत आहे. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं. ९७ हजारांच्या आसपास पुस्तकं आणि ताडपत्रांची हस्तलिखितं गेली. २३ जुलै १९८३ रोजी जाफनाजवळ तिरुनेलवेलीला घात लावून १३ सैनिक मारले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं, माणसं जाळली गेली. हल्लेखोरांच्या हातात मतदार याद्या होत्या. याद्या सरकारी कचेरीतूनच बाहेर येतात. रत्मलाना भागातले तमिळ मालकांचे कारखानेही जळाले. तिथे काम करणारे बहुसंख्य कामगार सिंहली होते.

न्यूटन गुणसिंघे नावाचे एक सिंहली समाजशास्त्रज्ञ होते. अल्पायुषी ठरले. दंगलीनंतर वर्षभरात त्यांनी खुली अर्थव्यवस्था आणि वांशिक संबंध यांवर एक लेख लिहिला. माझ्या मते त्या काळातलं ते सर्वांत धीट लिखाण. त्यांचं म्हणणं असं : परवाने-कोट्याच्या जमान्यात राजकारण्यांच्या ओळखीवर मध्यम सिंहली उद्योजक उभा राहिला. तमिळ व्यापाऱ्याला ती ओळख नव्हती, त्यामुळे तो तिच्याशिवाय जगायला शिकला होता. परवाना गेला तेव्हा ओळखीवर उभा असलेला कोसळला आणि दुसरा पेठेत टिकला. शहरातल्या गरिबाचं रेशन त्याच वेळी गेलं. नाणेनिधी कुणी पाहिला आहे? रुपयाचा दर कुणाच्या गल्लीत राहतो? तमिळ दुकानाची पाटी मात्र रोज डोळ्यांसमोर असते. गुणसिंघे यांनी हे दंगलीचा बचाव म्हणून लिहिलं नाही. तमिळद्वेष जुना होता आणि तो पेरणारे सत्तेत बसले होते. त्या द्वेषाला नवं इंधन कुठून मिळालं, एवढंच त्यांनी दाखवलं.

ऑगस्ट १९८३ मध्ये घटनादुरुस्ती करून वेगळ्या राष्ट्राच्या मागणीविरुद्ध शपथ घेणं खासदारांना सक्तीचं झालं. तमिळ पक्ष तेव्हा संसदेतला मुख्य विरोधी पक्ष होता; त्याचे खासदार बाहेर पडले. म्हणजे शेवटचं दारही गेलं. त्यानंतर बंदुकीवाल्यांशी बोलायला उरले फक्त दुसरे बंदुकीवाले.

सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातल्या पुढच्या युद्धाबद्दल मी लांबण लावत नाही. एकच गोष्ट सांगते, ती मला राजेश वेणुगोपाल यांच्या अभ्यासातून नीट कळली. एरवी आपण म्हणतो, युद्धामुळे सुधारणा अडतात. श्रीलंकेत युद्धानं खुल्या अर्थव्यवस्थेला टेकू दिला. सरकारी नोकऱ्या आणि अनुदानं कमी होत असताना सिंहली खेड्यात एक नोकरी वाढत गेली : शिपायाची. १९८३ मध्ये दहा-बारा हजारांचं असलेलं लष्कर युद्धाच्या अखेरीस दोन लाखांच्या घरात गेलं. घरातला मुलगा लष्करात, मुलगी कातुनायकेला शिवणावर किंवा आई आखातात घरकामाला. या तीन मनिऑर्डरींवर दक्षिणेतली खेडी जगली. जे माप सरकारनं भातातून काढून घेतलं, ते त्यानं गणवेशातून परत दिलं. असं राज्य युद्ध संपवायला उतावीळ नसतं, आणि संपलं तरी सैन्य घटवू शकत नाही.

मे २००९ मध्ये मुल्लिवायक्कालच्या वाळूच्या पट्ट्यावर युद्ध संपलं. अखेरच्या महिन्यांत मेलेल्या नागरिकांचा आकडा चाळीस हजारांपर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं नंतर म्हटलं. सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या त्या पट्ट्यात माणसांना खायला मिळत होती ती तांदळाची पेज. पाणी, मूठभर तांदूळ, मीठ. ती लक्षात ठेवा.

यानंतरचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं आहे, म्हणून झपाट्यानं जाते. युद्ध चालू असतानाच, ऑक्टोबर २००७ मध्ये, सरकारनं जागतिक बाजारात ५० कोटी डॉलरचे रोखे पहिल्यांदा विकले. मदत देणारे देश निदान मानवी हक्कांचा विषय काढत. रोखे घेणारा फक्त व्याज विचारतो. तेव्हा सत्तेवर असलेल्या राजपक्षे घराण्याला हे सोयीचं होतं. विजयाचा अभिमान होता, रस्ते झाले, बंदरं झाली. हंबनटोटाचं बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं, त्याची आपल्याकडे फार चर्चा झाली. पण देशाच्या बाहेरच्या कर्जात सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हता, या रोख्यांचा होता. बारा अब्ज डॉलरांहून अधिक. २०१९च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, मग कोविड आला, मग २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं आणि काही महिन्यांनी तो निर्णय मागे घेतला, तोवर भाताचं पीक गेलं होतं. १२ एप्रिल २०२२ रोजी देशानं सांगितलं, परकीय कर्ज फेडता येत नाही. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. सप्टेंबरमध्ये कोलंबोत अन्नाची महागाई ९५ टक्क्यांच्या जवळ होती.

९ जुलै २०२२ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले. पोहण्याच्या तलावातले त्यांचे फोटो सगळ्यांना आठवतात. मला त्याआधीचा एक दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. १८ मे. त्या दिवशी कोलंबोच्या समुद्रकिनारी, गॉल फेसच्या मैदानात, जिथे हजारो लोक तळ ठोकून बसले होते, मुल्लिवायक्कालची पेज वाटली गेली. सिंहली, तमिळ, मुस्लिम, भिक्खू, फादर रांगेत उभे राहून ती प्याले. राजधानीत, उघड्यावर, युद्धात मेलेल्या तमिळांचं असं स्मरण तोवर झालं नव्हतं. दक्षिणेच्या माणसाला आता गॅससाठी, पेट्रोलसाठी, दुधाच्या पावडरीसाठी रांगेत उभं राहावं लागत होतं. उपाशी माणसाला दुसऱ्याची पेज कळली, असं मी म्हणेन, पण त्यावर फार मोठा इमला बांधणार नाही. त्या रांगेत उत्तरेतली माणसं थोडीच होती. जाफनात अनेकांनी मला विचारलं, आमच्या रांगा तीस वर्षं होत्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?

गोटाबाया गेल्यावर संसदेनं राष्ट्राध्यक्ष निवडले ते रनिल विक्रमसिंघे, जयवर्धने यांच्या नात्यातले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात राजकारण शिकलेले. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचा तीन अब्ज डॉलरांचा कार्यक्रम आला, देशाच्या इतिहासातला सतरावा. विजेचे दर वाढले, कर वाढले. लोकांनी सप्टेंबर २०२४ पर्यंत वाट पाहिली आणि मतपेटीतून अनुरा कुमार दिसानायके यांना आणलं. त्यांचा पक्ष कोणता? तोच, जनता विमुक्ती पेरमुना. ज्यानं दोनदा बंदूक उचलली, ज्यानं बॉम्बे कांद्याचं नाव पुसायला लावलं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीनं २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या आणि जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली. दक्षिणेतला सिंहली पक्ष जाफनात पहिला, हे माझ्या पिढीच्या अभ्यासकांना कुणी सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचा पहिला परदेश दौरा दिल्लीचा होता. नाणेनिधीचा करार मात्र त्यांनाही मोडता आला नाही. अर्थसंकल्पात किती शिल्लक ठेवायची, हे त्या करारात लिहिलेलं आहे. मत कुणालाही द्या, ते पान तेच.

पुष्कळ विद्वान म्हणतात, आता राष्ट्र-राज्याचं युगच संपलं. मला ते पटत नाही. श्रीलंकेच्या लोकांनी ७०-७५ वर्षांत जे मागितलं ते नाणेनिधीकडे मागितलं नाही, रोखेवाल्यांकडेही नाही. प्रत्येक वेळी कोलंबोच्याच दारावर थाप मारली. राज्याच्या हातात कमी उरलं म्हणून लोकांची त्याच्याकडची अपेक्षा कमी होत नाही. ओढाताण आहे ती तिथे.

जाफनाच्या त्या विहिरीकडे परत येते. बोलणं संपलं, चहा झाला. उन्हं कलली होती. त्या आजोबांनी कुंपणाजवळून कांद्याची एक जुडी उपटून माझ्या हातात दिली, मुळांची लाल माती तशीच. या वर्षी भाव बरा आहे, ते म्हणाले. भारताचा कांदा बंद आहे ना. मग जरा संकोचानं, बरोबरच्या मुलीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमचं सरकार अजून किती दिवस बंद ठेवेल?"

मला उत्तर माहीत नव्हतं. संध्याकाळी खोलीवर परतले तर फोनवर माझ्या भावाचा निरोप होता. चाळीतला कांदा खाली बसायला लागला होता. त्यानंही तेच विचारलं होतं.